पिंग जातंय, पोर्ट उघडं आहे, तरी घरून काम करणाऱ्यांना ऑफिसचा नेक्स्टक्लाऊड लागत नाही

शिरोली_सर्व्हर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण माहिती तोडून दिली की उत्तरंही तुकड्यातुकड्याने येतात, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं डिझाइन ऑफिस आहे. आजूबाजूच्या फाउंड्र्यांना कास्टिंगसाठी जे पॅटर्न लागतात, त्यांची थ्री-डी मॉडेल आणि ड्रॉइंग आम्ही करतो. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असतं, आणि ते आमच्या आवाराबाहेरच्या सर्व्हरवर ठेवायचं नाही अशी अट आमच्या बहुतेक करारांत आहे. म्हणून सर्व्हर ऑफिसातच ठेवलाय: उबुंटू लिनक्स, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्यावर नेक्स्टक्लाऊड. फाइली, कॅलेंडर, चॅट, त्यातल्याच टॉक ॲपवरचे कॉल, सगळं तिथेच. ऑफिसात बसून काम करणाऱ्यांची काहीच तक्रार नाही.

तक्रार बाहेरच्यांची आहे. आमचे बरेच डिझायनर घरून काम करतात. कुणी इचलकरंजीला, कुणी सांगलीला, एक निपाणीला, एक पुण्यात कोथरूडला. मध्यंतरी आम्ही लीज्ड लाईन (भाड्याची स्वतंत्र लाईन) सोडून स्टॅटिक आयपीवालं फायबर ब्रॉडबँड घेतलं. फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे नुसता सिग्नल पुढे देतो, आणि डायल (युजरनेम-पासवर्ड देऊन लाईन जोडणं) आमचा फायरवॉल करतो. तो म्हणजे एक छोटा पीसी आहे, त्यावर लिनक्स. डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदीत) नवा पत्ता टाकला, ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) ही पोर्टं आत सर्व्हरकडे वळवली. त्या दिवसापासून इचलकरंजी आणि सांगलीवाल्यांचं नेहमीसारखं चालू आहे, आणि कोथरूड-निपाणीवाल्यांना सर्व्हर लागायचं बंद झालंय.

कोथरूडच्या डिझायनर बाईंबरोबर मी फोनवर बसून एकेक गोष्ट पाहिली. नाव बरोबर नव्या पत्त्याला जातं. पिंग जातं, एकही पॅकेट गळत नाही. पॉवरशेलमधून ४४३ तपासलं तर 'ट्रू' येतं. कर्लने साध्या एचटीटीपीवर विचारलं तर ३०१ चं ('एचटीटीपीएसवर जा' असं) उत्तर लगेच परत येतं (हे ब्राउझरमधून पाहिलं नाही, कारण एचएसटीएसमुळे ब्राउझर स्वतःच एचटीटीपीएसवर जातो, सर्व्हरला विचारतसुद्धा नाही). आणि एचटीटीपीएसने पान उघडायला गेलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी टाइमआउट. डेस्कटॉप क्लायंटचंही तेच. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला की पान उघडतं!

आणखी दोन तक्रारी आहेत, त्यांचा याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. मोबाइल डेटावर फोनमधलं कॅलेंडर-सिंक बराच वेळ घुटमळतं आणि मग होतं. आणि बाहेरची दोन माणसं टॉकवर एकमेकांशी बोलायला गेली तर कॉल वाजतो, उचलला जातो, आवाज मात्र दोन्हीकडे शून्य.

ब्रॉडबँडच्या हेल्पलाइनने स्पीड टेस्ट करायला लावली. स्पीड उत्तम आहे. साहेबांचं म्हणणं पडलं की इचलकरंजीचं चालतंय म्हणजे सर्व्हर ठीक आहे, कोथरूडचं नेट खराब. पण त्याच नेटवर बाईंचं बाकी सगळं व्यवस्थित चालतं. त्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यांना ऑफिसला या म्हणणं म्हणजे नोकरी सोडा म्हणणं. त्यांच्या माथी खापर फोडून मला हा विषय मिटवायचा नाही. कुठून धरू ते सांगा.


खिळेठोक

लाईन बदलताना सर्टिफिकेटही नवं काढलंत का? लेट्स एन्क्रिप्टचं असेल तर एनजिनएक्सला फुलचेनची फाइल दिली आहे की नुसती सर्टची, ते आधी बघा. नुसती सर्टची दिली तर मधलं इंटरमीजिएट सर्टिफिकेट क्लायंटला जात नाही. डेस्कटॉपवरचे ब्राउझर ते कुठून तरी मिळवतात किंवा आधीचं जपलेलं वापरतात, त्यामुळे तिथे चूक दिसत नाही. फोनमधली ॲप आणि सिंक क्लायंट मात्र अडून बसतात. 'एकाचं चालतं, दुसऱ्याचं नाही' या जातीच्या तक्रारीत मी पहिल्यांदा हेच बघतो.


शिरोली_सर्व्हर

धन्यवाद. फुलचेनच आहे. ऑफिसातून ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने पाहिलं, व्हेरिफाय रिटर्न कोड ० येतो, साखळी पूर्ण दिसते. कोथरूडच्या लॅपटॉपवर गिट बॅश होतं, तिथूनही तोच आदेश चालवून घेतला. 'कनेक्टेड' एवढी एक ओळ उमटते आणि पुढे काहीच नाही. सर्टिफिकेट दिसत नाही, चूक दाखवत नाही, नुसतं थांबून राहतं. सर्टिफिकेटमध्ये दोष असता तर निदान तो दोष तरी छापून आला असता ना?


बंदररोड

आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. वायरगार्ड बसवलं, सगळ्यांना व्हीपीएनमधून यायला लावलं, सगळं सुरळीत झालं. कारण काय होतं ते शोधत बसलो नाही. तोवर तपासायला म्हणून सर्व्हर डीएमझेडमध्ये टाकून बघा, फायरवॉलचा दोष आहे का ते लगेच कळेल.


तारवाला_काका

ताई, डीएमझेडमध्ये टाकू नका. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग असलेला सर्व्हर सगळ्या पोर्टांनिशी उघड्यावर येईल आणि हा दोष होता तिथेच राहील.

मी बरीच वर्षं ब्रॉडबँडच्या बाजूला नोकरी केली आहे, म्हणून हे ओळखीचं आहे. 'कनेक्टेड' येतं आणि पुढे काही नाही, ही तुमच्या सगळ्या मजकुरातली सर्वांत मोलाची ओळ. आतापर्यंत जे जे चाललं ते बघा: पिंग, पोर्टची तपासणी, ३०१ चं उत्तर. ही सगळी लहान पॅकेटं. टीएलएसमध्ये (एचटीटीपीएसच्या एन्क्रिप्शनमध्ये) मात्र सर्व्हर आपलं सर्टिफिकेट धाडतो, इंटरमीजिएट धरून ते दोन-तीन हजार बाइटांचं होतं, म्हणजे पहिल्यांदाच काठोकाठ भरलेलं पॅकेट बाहेर पडायला जातं. ते पॅकेट अडतंय. हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्या आकड्याचा, घोळ आहे.

ईथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटांची जागा असते. तुमच्या लीज्ड लाईनवर डायल नव्हतं, थेट ईथरनेट होतं, म्हणून शेवटपर्यंत १५०० मिळत होते. नव्या लाईनवर तुमचा फायरवॉल युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करतो, म्हणजे पीपीपीओई. ही पद्धत १९९९ सालच्या आरएफसी २५१६ मधली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहिलेले जाहीर दस्तऐवज). ती प्रत्येक पॅकेटातले ८ बाइट स्वतःसाठी घेते, ६ तिच्या हेडरचे आणि २ पीपीपीचे. उरतात १४९२. तुमच्या सर्व्हरला यातलं काही माहीत नाही. तो ऑफिसच्या स्विचला जोडलेला आहे, त्याला १५०० च दिसतात, आणि तो १५०० चंच पॅकेट 'तुकडे करू नका' असा शेरा मारून पाठवतो.

असं झालं तर काय करायचं हे १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये ठरलेलं आहे. ज्या राउटरवर पॅकेट मावत नाही त्याने ते टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कच्या अडचणी कळवायची पद्धत, पिंगही त्यातलंच) निरोप द्यायचा, टाइप ३, कोड ४: माझ्याकडे १४९२ च मावतात, लहान करून पाठव. सर्व्हर तो निरोप वाचतो, पॅकेट लहान करतो, कुणाला पत्ताही लागत नाही. पण 'सुरक्षेसाठी पिंग बंद' म्हणून कुणी आयसीएमपी सरसकट अडवला असेल तर हा निरोपही त्यातच अडतो. कमानीखाली न मावणारा कंटेनर परत फिरवला, आणि तसं सांगायला आलेल्या माणसाला मालकाच्या फाटकावरूनच हाकलून दिलं, तर मालक तोच कंटेनर पुन्हा पुन्हा पाठवत राहणार. तुमच्याकडे तेच चाललंय असा माझा अंदाज आहे. आणि हो, बाहेरून जाणाऱ्या पिंगला उत्तर तुमचा फायरवॉल देतोय, कारण पब्लिक आयपी त्याचा आहे. सर्व्हरपर्यंत ते पिंग पोचतच नाही, म्हणून त्यावरून सर्व्हरबद्दल काही ठरवू नका.

आता इचलकरंजीचं का चालतं? तिथे घरच्या राउटरलाही बहुधा डायल करावं लागत असेल. असे घरगुती राउटर टीसीपी जोडणीच्या पहिल्याच पॅकेटात हात घालून एमएसएसचा (एका पॅकेटात किती डेटा भरायचा त्याचा) आकडा १४६० चा १४५२ करून टाकतात. मग तुमचा सर्व्हर सुरुवातीपासूनच लहान पॅकेटं पाठवतो आणि कमी जागेशी त्याची गाठच पडत नाही. कोथरूड आणि निपाणीच्या घरी मात्र केबल लावली की डायल न करता नेट सुरू होत असेल, पूर्ण १५०० चं. विचारून घ्या. म्हणजे ज्यांच्या घरची लाईन जास्त मोकळी आहे तेच अडलेत, त्यांच्या नेटला नावं ठेवण्यात काहीच अर्थ नाही. हॉटस्पॉटचंही तसंच. आपल्याकडच्या मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही४ ची (जुन्या पत्तापद्धतीची) रहदारी बऱ्याचदा आयपीव्ही६ (नव्या पद्धती) मध्ये रूपांतर होऊन जाते, त्यासाठी फोन आधीच थोडी जागा राखून ठेवतो, म्हणून पॅकेट लहान निघतं आणि निसटतं.

बंदररोड यांचं वायरगार्डने का मिटलं तेही यातच आहे. वायरगार्डचा ठरलेला एमटीयू १४२०. त्यावर आयपीव्ही४ मधून जाताना त्याचे स्वतःचे ६० बाइट चढतात, झाले १४८०. म्हणजे १४९२ च्या आत. मूळ दोष तसाच राहिला, पॅकेटं तेवढी त्याखालून जायला लागली.

माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासा. कोथरूडच्या लॅपटॉपवर ॲडमिन म्हणून नेटएसएच आदेशाने वाय-फायचा एमटीयू तात्पुरता १४०० करा. 'स्टोअर' या जागी 'ॲक्टिव्ह' लिहा, म्हणजे लॅपटॉप रीस्टार्ट केला की आपोआप पूर्ववत होतो. मग पान उघडून बघा. उघडलं तर वाद संपला.

दुसरा पुरावा फायरवॉलवर मिळेल. ऑफिसकडच्या इंटरफेसवर टीसीपीडंप (पॅकेटं टिपणारं साधन) लावा आणि कोथरूडला पान उघडायला सांगा. कॅप्चर सर्व्हरवर घेऊ नका. तिथे नेटवर्क कार्ड पॅकेटं नंतर कापतं, त्यामुळे तीन-चार हजारांची पॅकेटं दिसतात आणि माणूस भलत्याच वाटेला लागतो.

इलाज दोन आहेत आणि दोन्ही करा. फायरवॉलवरून आरपार जाणाऱ्या टीसीपीच्या सिन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटांवर एमएसएस क्लॅम्प लावा, म्हणजे तो आकडा तिथेच लहान होईल. आयपीटेबल्समध्ये त्यासाठी टीसीपीएमएसएस नावाचं टार्गेट आहे, त्यात 'क्लॅम्प एमएसएस टू पीएमटीयू' निवडा, आकडा तो स्वतः काढतो. आणि सर्व्हरवर आयसीएमपी टाइप ३ मोकळा करा. पिंगची भीती वाटत असेल तर फक्त इको, म्हणजे पिंग, अडवा. नुसता सर्व्हरचा एमटीयू १४९२ करूनही आजचं भागेल, पण उद्या शेजारी दुसरा सर्व्हर बसवाल तेव्हा हीच रड पुन्हा सुरू. दुरुस्ती जिथे जागा कमी होते तिथे करावी.


शिरोली_सर्व्हर

काका, आधी फोन करून विचारलं. कोथरूडला केबलवाल्याचं नेट आहे, राउटरमध्ये पासवर्ड वगैरे काही नाही. निपाणीलाही तसंच. इचलकरंजी आणि सांगली, दोन्हीकडे राउटरमध्ये युजरनेम टाकावं लागतं. हे ऐकल्यावर मी साहेबांना तिथल्या तिथे सांगून आले की बाईंच्या नेटचा काही दोष नाही.

मग एमटीयू १४०० करून बघितला. बाई म्हणाल्या, 'उघडलं की हो!' लॉगिनचं पान, फाइली, सगळं आलं.

कॅप्चरही घेतलं, कारण मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. कोथरूडहून टीसीपीची हाक आली, सर्व्हरचं उत्तर गेलं, क्लायंट हॅलो आला. त्यानंतर सर्व्हरकडून १५०० चं पॅकेट निघालं आणि लगेच त्याच्याखाली फायरवॉलची ओळ: आयसीएमपी, फ्रॅगमेंटेशन नीडेड, एमटीयू १४९२. सर्व्हरने पुन्हा तेच १५०० चं पॅकेट पाठवलं. पुन्हा तीच आयसीएमपीची ओळ. दर खेपेला मधला वेळ दुप्पट होत गेला, आणि शेवटी कोथरूडकडून जोडणी बंद. फायरवॉल बिचारा प्रत्येक वेळी बरोबर आकडा सांगत होता आणि सर्व्हरपर्यंत तो पोचत नव्हता.

सर्व्हरवरचे नियम उघडले तर सगळ्यात वर आयसीएमपी ड्रॉप, टाइपबिइपचा काही भेद नाही. सर्व्हर बसवून देणाऱ्या एजन्सीने एका ऑडिटच्या यादीवरून तो टाकला होता. लीज्ड लाईनवर होतो तोवर त्याचा कधी त्रासच झाला नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आला नाही. तो काढून टाइप ३ आणि टाइप ११ (पॅकेटाची मुदत संपल्याचा निरोप) मोकळे केले, इकोला दर मिनिटाला ठरावीक संख्येची मर्यादा घातली. फायरवॉलवर क्लॅम्प लावला.

इथे एक गोष्ट पुढच्यांसाठी सांगून ठेवते. क्लॅम्प नव्या जोडणीच्या सिनलाच लागतो, चालू असलेल्या जोडणीला नाही. त्यामुळे नियम टाकल्यावर निपाणीचा डेस्कटॉप क्लायंट तसाच अडकून होता. तो बाहेर पडून परत सुरू केला तेव्हा चालला. आता कोथरूडचा लॅपटॉपही परत मूळ १५०० वर आहे आणि व्हॉल्व्ह बॉडीचं मोठं असेंब्ली मॉडेल संध्याकाळच्या आत वर चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅटर्न शॉपला ते हवंच होतं.

कॅलेंडर आणि कॉलची तक्रार मात्र आहे तशीच आहे.


म्हापसा_पिंग

कॅलेंडरबद्दल एक शंका. जुन्या लीज्ड लाईनवर तुम्हाला आयपीव्ही६ होतं का? असेल तर डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ चा पत्ता) बदललात, क्वाड-ए (आयपीव्ही६ चा) राहिला असेल. घरच्या ज्या लाईनींवर आयपीव्ही६ नाही त्यांना तो रेकॉर्ड असून नसल्यासारखा. मोबाइलवर मात्र आयपीव्ही६ बहुधा असतं, त्यामुळे फोन आधी त्या मेलेल्या पत्त्यावर जातो. ब्राउझर दोन्ही पत्त्यांची शर्यत लावतात, पाव सेकंदाच्या आसपास वाट बघून दुसऱ्यावर जातात, म्हणून तुमचं पान हॉटस्पॉटवर लगेच उघडलं. याला हॅपी आयबॉल्स म्हणतात, आरएफसी ८३०५ मध्ये सगळं लिहिलेलं आहे. पण सगळी ॲप अशी शर्यत लावत नाहीत. काही पहिल्या पत्त्याचा पूर्ण टाइमआउट होईपर्यंत तिथेच उभी राहतात. 'घुटमळतं आणि मग होतं' हे वाचून मला हेच वाटलं.


शिरोली_सर्व्हर

अगदी बरोबर! क्वाड-ए तसाच होता, जुन्या लाईनच्या पत्त्याचा. नव्या लाईनवर आम्ही आयपीव्ही६ अजून घेतलेलंच नाही. रेकॉर्ड काढून टाकला. टीटीएल (नोंद किती सेकंद जपायची तो आकडा) ८६४०० चा होता, म्हणजे काही फोनना दिवसभर जुनंच दिसत राहील, तसं सगळ्यांना कळवलंय. माझ्या फोनवर कॅलेंडर आता क्षणात येतं.


तारवाला_काका

म्हापसेकरांनी नेमकं पकडलं. पुढे कधी आयपीव्ही६ घ्याल तेव्हा एक ध्यानात ठेवा. तिथे मधला राउटर पॅकेटाचे तुकडे करतच नाही, सगळी भिस्त आयसीएमपीव्ही६ च्या 'पॅकेट टू बिग' या निरोपावर, टाइप २. तो अडवलात तर आज जे दोघांचं झालं ते तिथेही होईल. काय मोकळं ठेवायचं ते आरएफसी ४८९० मध्ये आहे, एजन्सीला तेच दाखवा.

आता कॉल. वेब-आरटीसीची (ब्राउझरमधल्या कॉलच्या पद्धतीची) पॅकेटं मुळातच बाराशे बाइटांच्या आसपास ठेवलेली असतात, यूडीपीवरून जातात. म्हणून एमटीयूचा इथे संबंध नाही, तो विचार सोडून द्या. कॉल वाजतो कारण वाजण्याचा निरोप नेक्स्टक्लाऊडच्या सर्व्हरमार्फत जातो. आवाज मात्र एका फोनकडून दुसऱ्या फोनकडे थेट जायला बघतो. दोघेही मोबाइल कंपनीच्या सामायिक आयपीमागे असले, म्हणजे सीजीनॅटमागे, तर थेट वाट बरेचदा सापडत नाही. तेव्हा टर्न सर्व्हर मध्ये उभा राहून आवाज इकडचा तिकडे पोचवतो. तुमच्याकडे टर्न आहे का? असला तर त्याच्या सेटिंगमध्ये बाहेरचा आयपी कोणता लिहिलाय ते बघा. आणि ब्राउझरमध्ये ट्रिकल आयसीईचं चाचणीपान उघडून टर्नचा पत्ता टाका. यादीत 'रिले' नावाचा उमेदवार (आवाजाची संभाव्य वाट) आला पाहिजे, आणि त्याच्यापुढचा आयपी तुमचा आजचा असला पाहिजे.


शिरोली_सर्व्हर

टर्न आहे, कोटर्न नावाचा, त्याच मशीनवर. ऑफिसातून आतल्या पत्त्यावर केलेल्या चाचणीत रिले उमेदवार आला, आणि त्याच्यापुढे जुन्या लीज्ड लाईनचा आयपी! कोटर्नच्या कॉन्फिगमध्ये एक्स्टर्नल-आयपीच्या ओळीत बाहेरचा आणि आतला असे दोन पत्ते तिरक्या रेघेने लिहिलेले असतात, त्यातला बाहेरचा जुनाच होता. म्हणजे दोन्ही फोनना 'इथे आवाज पाठवा' म्हणून जो पत्ता मिळत होता तो आता आमचा नव्हताच. तो बदलला. नव्या फायरवॉल नियमांत ३४७८ आणि रिलेची यूडीपी पोर्टंही आत वळवलेली नव्हती, तीही वळवली. कोटर्न मुळात ४९१५२ ते ६५५३५ एवढा पट्टा वापरतो. आमच्याकडे एका वेळी फार कॉल नसतात, म्हणून कॉन्फिगमध्येच तो लहान केला आणि तेवढाच उघडला.

निपाणी आणि सांगली दोघांनाही मोबाइल डेटावर बसवून कॉल लावला. आवाज स्वच्छ.

तक्रार घ्यायची पद्धतही बदलली आहे. घरचं नेट कुठल्या प्रकारचं, राउटरमध्ये पासवर्ड टाकता का, मोबाइलवर चालतं का, आणि पडद्यावरच्या शेवटच्या ओळीचा फोटो. एवढं पाठवलं की मग मी फोन करते. 'नेट खराब असेल' हे वाक्य उत्तरात लिहायचं नाही असं आमच्याकडे ठरलंय.

एकच शेवटचं विचारते. आमचे मार्केटिंगचे गृहस्थ बेळगाव, हुबळी, पुणे असे फिरतात आणि लॉजच्या किंवा गिऱ्हाइकाच्या ऑफिसच्या वाय-फायवर असतात. काही ठिकाणी ८० आणि ४४३ सोडून सगळं बंद असतं. तिथून त्यांना कॉल लावायचा असेल तर?


तारवाला_काका

तिथे टर्न टीएलएसवर आणि ४४३ वरच ठेवावा लागेल. अडचण एवढीच की तुमच्या एकुलत्या आयपीवरचं ४४३ एनजिनएक्सने घेतलेलं आहे. ब्रॉडबँडवाल्याकडून दुसरा स्टॅटिक आयपी मिळाला तर सरळ त्यावर कोटर्न ठेवा. नाही मिळाला तर बाहेर कुठेही एक लहानसा भाड्याचा सर्व्हर घ्या आणि त्यावर फक्त कोटर्न चालवा, दुसरं काही नाही.

करारातल्या अटीची काळजी तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. टर्नवर फाइली जात नाहीत, ड्रॉइंग तिथे कधी पोचतच नाही. जातो तो फक्त कॉलचा आवाज आणि चित्र, तेही दोन ब्राउझरांनी आपसात एन्क्रिप्ट केलेलं, आणि त्याची किल्ली टर्नकडे नसते. तरी साहेबांना आणि गिऱ्हाइकाला हे लेखी कळवून मगच घ्या, कारण कॉलमध्ये स्क्रीन शेअर करून ड्रॉइंग दाखवतात, आणि ते चित्र त्या सर्व्हरवरून पुढे जाणार आहे हे त्यांना आधी ठाऊक असलेलं बरं.


शिरोली_सर्व्हर

दुसऱ्या आयपीसाठी अर्ज टाकला. मिळेपर्यंत गृहस्थांना कॉलपुरतं फोनच्या डेटावर यायला सांगितलंय. काका, म्हापसेकर, सगळ्यांचे मनापासून आभार. कोथरूडच्या बाईंनीही आवर्जून कळवायला सांगितलंय.